दक्षिणेकडचं दार

महारुद्र महाराज देवगाव फाट्यावर एस.टी.तून उतरले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. माघातलं ऊन ते, अंगाला बरं वाटणारं. फाट्यापासून पाच किलोमीटर आत असलेल्या गावात सप्ताह चालला होता. सात दिवस पूर्ण होत आले होते आणि उद्या सकाळी दहाला काल्याचं कीर्तन महाराजांचं होतं. न्यायला दिनकरराव स्वतः मोटारसायकल घेऊन आले होते. दिनकरराव म्हणजे सप्ताहाचं सगळं बघणारे. गाव त्यांना अण्णा म्हणायचं.

"महाराज, औंदा पाच गावची माणसं यायलेत काल्याला," गाडीला किक मारता मारता अण्णा म्हणाले. "आन् समद्यांचं एकच म्हणणं. तो उत्तरेचा दृष्टांत झालाच पाहिजे."

"बघू की," महाराज म्हणाले. म्हणाले साधंच, पण मनातून सुखावले. कीर्तनकाराला आपला दृष्टांत लोकांनी मागून घ्यावा, यासारखं सुख नाही. गोड गळा देवाचा, अभंग संतांचा, पण दृष्टांत तेवढा आपला असतो.

आणि हा दृष्टांत होताही तसाच. दोन वर्षांमागं मे महिन्यात लडाखचं आभाळ रातोरात तांबडं झालं होतं. त्याचे फोटो गावोगावच्या मोबाईलवर फिरले. कुणी म्हणालं कलियुग संपलं, कुणी म्हणालं चीनचं काहीतरी आहे. महाराजांना मात्र चैन पडेना. जिंतूरच्या एस.टी.त त्यांच्या शेजारी बसणारे धम्मानंद सर हायस्कूलला विज्ञान शिकवायचे. त्यांना गाठून महाराजांनी सगळं समजून घेतलं. सूर्यावरून एक वारा निघतो, तो पृथ्वीपर्यंत येतो, त्याचं तोंड योग्य दिशेला असलं तर पृथ्वीचं दार उघडतं आणि ध्रुवाकडच्या आभाळात उजेड पडतो. हे ऐकल्यावर महाराजांच्या अंगावर काटा आला होता. अहो, ही तर भक्ती! गेल्या माघात याच गावात त्यांनी तो दृष्टांत पहिल्यांदा सांगितला. मंडप नुसता डोलला. पुढं वर्षभर तो जिथं जाईल तिथं झाला.

गाडी गावात शिरली आणि पहिल्याच वळणावर अण्णांनी ब्रेक दाबला. निम्म्या रस्त्यावर वाळू आणि विटा पडल्या होत्या. विटांच्या मागं एक घर होतं, रस्त्याकडं तोंड करून. दारातच शिलाई मशीन होतं आणि एक तिशीतली बाई खाली मान घालून ब्लाऊजला बाह्या जोडत होती. उन्हाची लांब पट्टी दारातून आत जाऊन तिच्या सुईवर पडली होती. शेजारी गवंडी टेप धरून दाराची रुंदी मोजत होता.

"काय रं आश्रुबा, समदी वाट अडवलीस!" अण्णा ओरडले.

"उद्याच्या दिस सोसा अण्णा," गवंडी म्हणाला. "काला झाला की हे दार बुजवायचंय. तिकडं मागल्या अंगाला नवं पाडलंय. मंग वाट मोकळी."

"चांगलं दार बुजवतूस? कामून?"

तेवढ्यात आतून एक म्हातारी पदर सावरत बाहेर आली. कस्तुराबाई. महाराजांना बघितलं आणि तिनं तिथंच मातीत डोकं टेकलं.

"महाराज, तुमीच डोळे उघडले आमचे! तीन वर्सं झाली, ह्या घराला काई लाभना गेलंय. आधी ह्येंचं बसल्या जागी जाणं झालं. मंग माझ्या लेकाला, दत्ताला डेंग्यू. ह्या संक्रांतीला टॅक्टरवरून पडला, पाय मोडला. म्या म्हणलं काय चुकायलंय आपलं? तुमचं कीर्तन ऐकलं, तवा कळलं. दक्षिणेला तोंड हाय ना घराचं. यमाच्या दिशेला तोंड केलेल्याला उजेड कसा लाभंल? तुमीच म्हणलाव."

 हे वाक्य महाराजांचंच होतं. शब्दन् शब्द त्यांचा.

"मोबाईलवर हाय की," म्हातारी कौतुकानं म्हणाली. "रोज लावते. पाठ झालंय."

मशीन थांबलं होतं. मशीनवरची बाई, म्हातारीची सून, महाराजांकडं बघत होती. "महाराज, एक इचारू का?" ती म्हणाली.

"राजेश्री, गप," म्हातारी म्हणाली.

"इचारू द्या की आत्याबाई. महाराज, तुमच्या घराचं दार कुणीकडं हाय?"

"पूर्वेला," महाराज म्हणाले.

"मंग बरं हाय तुमचं," राजेश्री म्हणाली आणि मशीन पुन्हा चालू झालं.

अण्णा हसले, आश्रुबाही हसला. महाराज मात्र हसले नाहीत. गाडीवर मागं बसताना त्यांचा पाय दोनदा घसरला.

*

अण्णांच्या घरी चहा आला, गार झाला, दुसरा आला, तोही तसाच राहिला. महाराज बाजेवर बसायचे, उठायचे, ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे. अण्णांना वाटलं, उद्याच्या चिंतनात आहेत. त्यांनी पोराबाळांना गप्प केलं आणि मंडपाकडं निघून गेले.

महाराजांना आपलं सगळं आठवत होतं, आणि आठवणं नको होतं.

धम्मानंद सरांनी सांगितलं होतं 'दक्षिण'. स्वच्छ सांगितलं होतं, दोनदा. महाराजांनी वहीत लिहूनही घेतलं होतं. गेल्या माघात गादीवर उभे राहिले तेव्हाही डोक्यात दक्षिणच होतं. पण समोर दोन हजार माणूस, बायांच्या कपाळांवर बुक्का, मागं टाळकऱ्यांची ओळ, आणि अशा मंगल जागी म्हणायचं काय, तर वाऱ्याचं तोंड दक्षिणेला वळलं की देवाचं दार उघडतं? जीभ कचरली. तोंडातून 'उत्तर' निघालं. म्हटलं, एवढ्यानं काय बिघडतंय, दृष्टांतच तर आहे. भाजीत जरा गूळ जास्त पडावा तसं. आणि 'उत्तर' म्हटल्याबरोबर माना डोलल्या, तशी जिभेला धार चढली. यमाचं वाक्य त्या धारेत आलं. ते ना सरांचं होतं, ना कुठल्या ग्रंथातलं. ते टाळीसाठी होतं. टाळीही पडली होती.

त्यांनी फोन काढला आणि परसात गोठ्याकडं गेले.

"सर, रामकृष्णहरी. महारुद्र बोलतोय."

"जय भीम महाराज! आज कशी आठवण?"

"तो सूर्याच्या वाऱ्याचा विषय. पुन्हा एकदा सांगता का? अगदी पहिल्यापासून."

 सर वर्गात सांगावं तसं सांगू लागले. "सूर्यावरून जो वारा येतो, तो आपल्या शेतातल्यासारखा वारा नाही. विजेनं भारलेल्या कणांचा लोंढा आहे. आणि तो रिकामा येत नाही. सूर्याचं चुंबकत्व त्याच्यासंगं ओढत येतं, धाग्यांसारखं समजा. पृथ्वीचेही तसेच धागे आहेत. सूर्याकडच्या अंगाला ते उत्तरेकडं तोंड करून उभे आहेत. आलेल्या धाग्याचं तोंडही उत्तरेला असलं, तर तो बाजूनं घसरून निघून जातो. दक्षिणेला असलं, तर दोन्ही धागे तुटतात आणि एकमेकांना जुळतात."

"आणि जुळले, की उजेड."

"थांबा, इथंच तुम्ही घाई करता. जुळले की वाऱ्याची ओढ थेट पृथ्वीच्या धाग्यांना लागते. त्या ओढीनं वीज चालू होते. ती वीज धाग्यांवरून ध्रुवाकडं खाली उतरते, शंभर-सव्वाशे किलोमीटर उंचीवरच्या विरळ हवेतून आडवी जाते, आणि दुसऱ्या धाग्यांवरून परत वर जाते. फेरा पुरा व्हावा लागतो. तुमच्या बोअरच्या मोटारीला नुसती जाणारी वायर पुरते का? परतीची लागतेच ना? त्या फेऱ्यातले कण हवेवर आदळतात, तेव्हा कुठं ते हिरवं-तांबडं दिसतं."

"आणि उत्तरेला तोंड असलं तर?"

"तर थोडंफार काही होतं, पण लडाखच्या माणसाला दिसण्याजोगं काही नाही. कितीही जोराचा वारा असू द्या." सर थांबले. "महाराज, तुमची क्लिप माझ्याच वर्गातल्या पोरांनी मला ऐकवली. म्हणाले, सर, तुमी चुकलाव, महाराज तर उत्तर म्हणतेत."

महाराजांनी गोठ्याचा खांब धरला. "मग तुम्ही मला फोन का नाही केला?"

"केला की. दोनदा. तुम्ही कीर्तनात होता. तिसऱ्यांदा वाटलं, गादीवरच्या माणसाला खालून कोण सांगणार? पेपर तपासताना मात्र मी दक्षिणच बरोबर धरतो. सात पोरांचा मार्क गेला तुमच्यापायी." सर हसले. हसणं मायेचं होतं, म्हणूनच जास्त लागलं.

*

दिवस मावळायच्या आत महाराज एकटेच कस्तुराबाईच्या घरी गेले. म्हटलं, चार भिंतींत चूक झाली असं सांगून टाकू, म्हणजे गाजावाजा नको आणि दारही वाचेल. मनातल्या मनात वाक्य तयार केलं, वाटेत तीनदा बदललं.

आत बाजेवर दत्ता पाय लांब करून पडला होता. पायाला प्लास्टर होतं. त्यानं उठायची धडपड केली, महाराजांनी हातानं थांबवलं. मागल्या भिंतीला पाडलेलं भगदाड त्यांनी बघितलं. त्यातून शेजाऱ्याचा उकिरडा आणि एक म्हैस दिसत होती. उजेड असा आत येतच नव्हता. शेजारच्या पत्र्याची सावली पडत होती.

"कस्तुराबाई," महाराज म्हणाले, "मी गेल्या वर्षी जे बोललो ते चुकलं. दिशा उलटी सांगितली मी. आणि यमाचं वाक्य माझ्या पदरचं होतं. हे दार बुजवू नका."

म्हातारीनं त्यांच्याकडं बघितलं. मग सुनेकडं बघितलं. मग पुन्हा त्यांच्याकडं.

"हिनं सांगितलं व्हय तुमाला असं म्हणा म्हणून?"

"नाही हो! राजेश्रीबाईंचा काही संबंध नाही."

"महाराज, मी अडाणी हाय, पर येडी न्हाई," म्हातारी शांतपणे म्हणाली. "आमच्या सासऱ्यानं इणा वाहिला बावीस वर्सं. ते म्हणायचे, माणूस घरात बोलतो ते माणसाचं. गादीवर उभा राहून बोलतो, तवा नारद बोलतो. तुमी गादीवर उत्तर म्हणलाव. आता माझ्या घरात बसून, सुनंचं तोंड बगून, दक्षिण म्हणायलाव. मी कुणाचं धरू? नारदाचं का तुमचं?"



"महाराज," बाजेवरून दत्ता म्हणाला, "दार बुजलं तर बायको बोलंना, न्हाई बुजलं तर माय बोलंना. माझा पाय मोडलाय म्हणून, न्हाईतर पळूनच गेलो असतो."

कुणीच हसलं नाही. राजेश्री महाराजांना रस्त्यापर्यंत सोडायला आली.

"चार गावच्या बाया येतेत माझ्याकडं," ती हळू आवाजात म्हणाली. "रस्त्यानं जाता जाता मशीन दिसतं, म्हणून थांबतेत. म्हशीच्या गोठ्यातून कोण येईल ब्लाऊज टाकायला? अन् आलं तर तितं सुईत दोरा दिसंल का मला?" ती थांबली. "तवा मीबी मंडपात होते महाराज. बायांच्या पहिल्या वळीत. तुमी उत्तर म्हणलाव, तवा मीबी मान डोलवली."

*

हरिपाठ झाला. पंगतीत महाराजांनी भाकरी मोडली, खाल्ली नाही. शेजारी बसलेल्या अण्णांना हळूच सांगितलं, की उद्या गादीवरून चूक कबूल करणार.

अण्णांचा हात ताटातच थांबला. "महाराज, असलं काई करू नगा. गादीवर माघार कुणी घेती का? रेकॉर्डिंगवाला यायलाय, पाच गावची माणसं यायलेत. पोरं हसतेल. आन् मला म्हणतेल, असला कसला महाराज आणलाव तुमी."

"मग त्या बाईचं दार?"

"कस्तुराचं? आवं, तिच्या घरचा सवाल हाय तो. तुमी दृष्टांत घेऊच नगा. दुसरा घ्या. गवळणीचा घ्या, दहीहंडीचा घ्या, तुमच्याकडं कमी हाय का? लोक इसरतेल."

वाट सोपी होती. महाराजांनी ती झोपेपर्यंत मनात दहा वेळा चालून बघितली आणि दहाही वेळा ती त्या विटांपाशी येऊन थांबली. पहाटे काकड्याला ते सगळ्यांच्या आधी मंडपात होते. विणेकऱ्याच्या पाया पडताना त्याला म्हणाले, "बाबा, आज जरा माझ्या जवळ उभे राहा."

दहा वाजता मंडप भरला. बाहेर कडुनिंबाखालीही माणूस बसला होता. महाराजांनी धोतर, सदरा, फेटा घातला, गळ्यात हार पडला, बुक्का लागला. पखवाज घुमला आणि वीस जोड टाळ एकदम वाजले, तेव्हा नेहमी त्यांच्या छातीत काहीतरी फुलायचं. आज ते फुललं नाही. पाऊण तास त्यांनी कृष्णाच्या खेळांचं वर्णन केलं. शिदोऱ्या सोडल्या, गोपाळांना भांडायला लावलं, पेंद्याला रुसवलं, लोकांना पोट धरून हसवलं. पण नजर सारखी बायांच्या बाजूला जात होती. कस्तुराबाई दुसऱ्या ओळीत बसली होती. राजेश्री खांबाला टेकून अगदी मागं होती. आश्रुबा तर पहिल्याच रांगेत, नव्या टोपीत, काला झाला की कामाला लागायच्या तयारीनं.

"तो उत्तरेचा!" मागून कुणीतरी ओरडलं.

"हो, उत्तरेचा!" आणखी दोघं-तिघं.

अण्णांनी डोळ्यांनी नको म्हटलं. टाळकऱ्यांनी पुढची चाल धरली.

"थांबा," महाराज म्हणाले.

टाळ थांबले. पखवाजाचा हात हवेत राहिला. कीर्तनात मधेच असं 'थांबा' कुणी म्हणत नाही, त्यामुळं मंडप एकदम चिडीचूप झाला.

"अण्णा, इकडं या."

अण्णा कसेबसे उठले. महाराजांनी त्यांचे खांदे धरून त्यांना पाण्याच्या टाकीकडं तोंड करून उभं केलं. "टाकी कुणीकडं आहे?"

"उत्तरंला," लोक म्हणाले.

"अण्णा म्हणजे पृथ्वी. उत्तरेकडं तोंड करून उभी. आता मी म्हणजे सूर्यावरून आलेला वारा. मला अण्णांना भेटायचंय. माझंही तोंड उत्तरेलाच." असं म्हणून महाराज मागून आले, अण्णांच्या खांद्याला घासले आणि तसेच पुढं निघून गेले. अण्णांचा फेटा वाकडा झाला. मंडपात हशा पिकला. "झाली का भेट?"

"न्हाई!" पोरं ओरडली.

महाराज वळले. आता त्यांचं तोंड दक्षिणेला होतं. ते समोरून आले आणि त्यांनी अण्णांना कडकडून मिठी मारली. "आता?"

"झाली!"

"जो उत्तरेला तोंड करून उभा आहे, त्याला उराशी धरायचं, तर आपल्याला दक्षिणेलाच तोंड करावं लागतं. सूर्याच्या वाऱ्यातल्या चुंबकी धाग्यांचं असंच आहे. ते दक्षिणेला वळले तरच पृथ्वीच्या धाग्यांना भेटतात. भेटले की वाऱ्याची ओढ लागते, ओढीनं वीज चालते. ती वरून खाली उतरते, आभाळातून आडवी जाते, परत वर जाते. जाणं-येणं पुरं झालं की आभाळ उजळतं. हे मला धम्मानंद सरांनी दोन वर्षांमागं असंच सांगितलं होतं. दक्षिण सांगितलं होतं. याच गादीवर उभं राहून मी उत्तर म्हणालो."

महाराज तिथंच थांबले नाहीत.

"का म्हणालो? दक्षिण म्हणायला जीभ कचरली. तुम्हाला बरं वाटावं म्हणून उत्तर म्हणालो. आणि यमाच्या दिशेला तोंड केलेल्याला उजेड लाभत नाही, हे जे बोललो ना, ते कुठल्या ग्रंथात नाही, कुठल्या शास्त्रात नाही. मला टाळी पाहिजे होती. या गादीवरून बोललो, म्हणून या गादीवरूनच परत घेतो. चुकलो." त्यांनी खाली वाकून गादीला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला.

मागं दोन पोरं खुसखुसली. रेकॉर्डिंगवाल्यानं कॅमेरा खाली घेऊ की नको म्हणून अण्णांकडं बघितलं. अण्णा फेट्याशी झगडत होते.

तेवढ्यात बायांतून आवाज आला. ठणठणीत.

"मंग दक्षिण चांगली म्हणा की!"

कस्तुराबाई उभी राहिली होती. कीर्तनात उभं राहून बाईमाणसानं महाराजांना सवाल करावा, हे गावानं कधी बघितलं नव्हतं. "गादीवरून सांगा. दक्षिण चांगली का वाईट? एक काय ते सांगा, म्हंजी आमी मोकळे."

महाराजांचं तोंड उघडलं. एकच शब्द पाहिजे होता. 'चांगली' म्हटलं की संपलं. म्हातारी तो शब्द घरी नेईल, रोज मोबाईलवर लावेल, विटा परत जातील आणि ते मशीन उन्हात चालत राहील. मागं खांबाला टेकलेली राजेश्री सरळ उभी राहिली होती. तिलाही तोच शब्द पाहिजे होता, हे इतक्या लांबूनही दिसत होतं.

त्यांच्या कपाळावरून घामाबरोबर बुक्का खाली आला.

"नाही कस्तुराबाई," ते म्हणाले. "तसं सांगितलं, तर कुणीतरी उद्या उत्तरेचं दार बुजवील. सूर्याला आपल्या दारांचं काही माहीत नाही. त्या आभाळातल्या दिशा आभाळात. दृष्टांत मनासाठी असतो, भिंतीसाठी नाही. घराचं दार कुठं असावं, ते गादी सांगत नसती."

"मंग कोण सांगती?"

"त्या दारात जो बसतो, तो."

म्हातारी खाली बसली. चेहऱ्यावरून काही कळेना. राजेश्रीनं मान फिरवली. महाराजांनी पखवाजाकडं बघितलं, टाळ वाजले, हंडी फुटली, काला वाटला गेला. लोकांनी एकमेकांच्या तोंडात काला भरवला. महाराजांना कुणी भरवला, त्यांनी तो गिळला, चव कळली नाही.

*

अण्णा पंगतीला बोलवायला आले, तोवर महाराज मंडपाबाहेर पडले होते. "पुढल्या वर्षीचं बगू मग महाराज," अण्णा मागून म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण निमंत्रणही नव्हतं. महाराजांनी हात जोडले आणि ते रस्त्याला लागले.

घरासमोर आश्रुबानं नवी टोपी काढून ठेवली होती आणि माल कालवायला घेतला होता. कस्तुराबाई दारात उभी होती, दोन्ही हात चौकटीला लावून. महाराज विटांच्या अलीकडं थांबले. पुढं जायचा धीर होईना.

"मावशी, काय करू?" आश्रुबानं विचारलं. "माल घट व्हायलाय."

 म्हातारी आत गेली. मागल्या भगदाडापाशी जाऊन उभी राहिली, बराच वेळ. म्हैस हंबरली. मग ती परत आली आणि मशीनपुढच्या स्टुलावर बसली. मशीन घरात आल्यापासूनच्या सहा वर्षांत ती तिथं पहिल्यांदाच बसत होती. तिनं मशीनवर पडलेली हातशिलाईची सुई घेतली, दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं, डोळे बारीक केले. दोरा दुसऱ्या झटक्यात आत गेला.

"राजेश्री," तिनं हाक मारली. "तितं मागं दिसंल का सुई?"

"न्हाई दिसायची आत्याबाई."

"मंग बोलली कामून न्हाईस?"

"बोलले. चार येळा."

म्हातारीनं तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं. मग आश्रुबाकडं वळून मोठ्यानं म्हणाली, "माल वाया जाऊ देऊ नको. मागल्या भोकाला खालून चार थर दे आन् वर खिडकी बसीव. हवा येईल. हे ऱ्हाऊ दे." आणि महाराजांकडं न बघता पुढं म्हणाली, "महाराजांसाठी न्हाई म्हणलं. महाराजांनी तर काईच सांगितलं न्हाई. दोन येळा गादीवर चढले, दोन्ही येळा मला कोड्यात टाकून उतरले. डोळं गेल्यावर मलाबी लुगड्याला टाका घालायला हितंच बसावं लागंल, म्हणून ऱ्हाऊ दे म्हणलं."

"बरं हाय," महाराज म्हणाले. एवढंच जमलं.

 राजेश्री सासूच्या हातून सुई घेऊन उभी राहिली, आणि म्हातारी उठली तशी तिच्या जागेवर बसली.

आतून दत्ताचा आवाज आला. "मायं, म्हंजी मला आता पळून जायची गरज न्हाई का?"

"तू गप पड," दोघी एकदम म्हणाल्या.

महाराजांनी सुटकेचा श्वास घेतला. तो पुरता बाहेरही आला नव्हता, तोच आश्रुबा थापी झटकत म्हणाला, "बरं झालं मावशी. एक तरी वाचलं. वर्सभरात तीन दारं बुजवली म्या, ह्याच कीर्तनावर. एक तर मानवतच्या अंगाला, लय भारी सागवानी चौकट होती. माझ्या जिवावर आलं, पर मालक म्हणला, महाराजांनी सांगितलंय."

"तीन?" महाराज म्हणाले.

"म्या तीन. दुसऱ्या गवंड्यांचं मला ठावूक न्हाई."

महाराज विटांवर बसले. लगेच उठले. वहीत त्यांनी वर्षभरातली कीर्तनं लिहून ठेवली होती, गाव आणि तिथी. एकसष्ट होती. सगळ्यांत हा दृष्टांत झाला होता का? झाला होता. सगळ्यांनी मागून घेतला होता. आजची क्लिप जाईल गावोगाव, पण पहिली जितकी गेली तितकी जाईल का? चूक कबूल केलेली कोण पुढं पाठवतं?

"आश्रुबा, तुझी गाडी आहे का?"

"हाय की. पर खिडकी बसवायचीय महाराज."

"किती वेळ लागेल?"

"चार थर अन् चौकट. दोनेक तास."

"मी विटा देतो तुला," महाराज म्हणाले आणि त्यांनी फेटा काढून राजेश्रीच्या कापडांच्या गठ्ठ्यावर ठेवला. "मग आधी त्या तीन घरांना जाऊ. जवळचं कुठलं?"

आश्रुबा त्यांच्याकडं बघत राहिला. "आवं, पर ते मालक बुजवलेली भिंत फोडतेल का?"

"माहीत नाही. नाहीच फोडणार बहुतेक. पण सांगावं तर लागेल." त्यांनी दोन विटा उचलल्या. धोतराला लाल भुकटी लागली. "जवळचं कुठलं, ते सांग की."